बॅटरी गेली की अल्टरनेटर? खर्च करण्याआधी मीटर कुठे आणि कधी लावायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१६ची पेट्रोल हॅचबॅक आहे, चौदा महिन्यांपूर्वी नवी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी टाकली, तरी आठवड्या-दोन आठवड्यांतून एखाद्या सकाळी सेल्फ नुसता ‘कट कट’ करतो. गाडी रोज मुलीच्या शाळेपर्यंत तीन किलोमीटर जाते आणि परत येते. गॅरेजवाला म्हणतो अल्टरनेटर बदला, बॅटरीवाला म्हणतो बॅटरीच संपली. शेवटी तुम्ही स्वतः मल्टिमीटर आणलात. सकाळी १२.१ व्होल्ट दिसले, गाडी चालू असताना १३.६. आता काय बदलायचं?

अजून काहीच बदलू नका. हे दोन आकडे खरे असले तरी अर्धवट आहेत. १२.१ म्हणजे बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली आहे, एवढंच कळतं. ती निम्मी का राहिली, हे त्या आकड्यात नाही. कारणं चार असू शकतात: बॅटरी साठवत नाही, अल्टरनेटर भरत नाही, त्याने दिलेलं वायरींमधून बॅटरीपर्यंत पोचत नाही, किंवा गाडी उभी असताना काहीतरी करंट खातंय. गॅरेज आणि दुकान यांनी त्यातली पहिली दोनच सांगितली, कारण त्या दोन वस्तू विकता येतात.

आधी मीटरबद्दल. दोनशे-अडीचशे रुपयांचा पिवळा मीटर या कामाला पुरतो. काळी वायर ‘कॉम’च्या भोकात, लाल वायर व्होल्ट-ओहमच्या भोकात, खटका डीसी २० वर. लाल वायर चुकून १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच बॅटरीच्या दोन टोकांना टेकवली, तर तो सरळ शॉर्ट होतो. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बहुतेक वेळा फ्यूजही नसतो, त्यामुळे वायर वितळते आणि हात भाजतो. दुसरं म्हणजे मीटरच्या पोटातली ९ व्होल्टची बॅटरी. ती उतरली की मीटर जास्त आकडा दाखवायला लागतो. बॅटरी ‘१३.४’ दाखवतेय आणि गाडी मात्र सुरू होत नाही, अशा बऱ्याच कोड्यांचं उत्तर तिथे असतं. पेन्सिल सेलचं नवं पाकीट फोडून एक सेल मोजा, १.६च्या जवळ दिसला की मीटरवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. इंजिन चालू असताना ओढणी, मफलर, सैल बाही बेल्टपासून लांब. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. चार्जिंग होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा बॉनेटखाली वाकून बिडी-सिगारेट नको.

पहिलं माप गाडी उभी असताना घ्यायचं. गाडी आत्ताच फिरवून आणली असेल तर आकडा फुगलेला येतो, १२.९ किंवा १३सुद्धा. तो वरवरचा चार्ज असतो, त्याला काही अर्थ नाही. रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी दार उघडण्याआधी बॉनेट उघडता येईल अशी सोय करून ठेवा, कारण दार उघडलं की आतले दिवे आणि कंप्युटर जागे होतात. तेवढी सवड नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग मोजा. मीटरच्या पिना शिशाच्या पोलवर टेकवा, त्यावर कसलेल्या टर्मिनलवर नको. हा फरक पुढे कामाला येईल.

साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकाचे २.१ व्होल्ट. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव, आणि ११.८च्या खाली गेली की बसलीच. रात्रभर चार्ज करूनही १०.५च्या आसपासच अडकली असेल तर एक सेल मेला आहे आणि तिथे चर्चा संपते. गाडीत एजीएम बॅटरी असेल, म्हणजे सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या काही गाड्यांत असते ती, तर भरल्यावर १२.८ किंवा थोडं जास्तच दिसतं.

पण १२.६ दिसलं की बॅटरी ठणठणीत, असं समजू नका. उभ्या गाडीच्या व्होल्टेजवरून टाकीतली पाण्याची पातळी कळते, तळाशी गाळ साचून टाकी केवढी उरली ते कळत नाही. जुनी, सल्फेट साचलेली बॅटरी सकाळी १२.६ दाखवते आणि सेल्फ मारला की ८ वर कोसळते. म्हणून दुसरं माप सेल्फ मारताना.

घरातल्या कुणाला तरी आत बसवा, पिना पोलवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. छोट्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ सुरुवातीच्या झटक्यानंतर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. तेवढ्या ओढीत चांगली बॅटरी १० ते १०.५च्या आसपास तग धरते. ९.६च्या खाली जात असेल तर बॅटरी संशयित, मात्र एका अटीवर: मोजण्याआधी ती पूर्ण भरलेली असली पाहिजे. निम्मी भरलेली बॅटरी कोसळली तर त्यात तिचा दोष किती आणि रिकाम्या पोटाचा किती, हे सांगता येत नाही. स्वस्त मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे सगळ्यात खालचा क्षण निसटतो. मीटरला ‘मिन-मॅक्स’चं बटण असेल तर तेच वापरा, नसेल तर फोनवर व्हिडिओ काढून सावकाश बघा.

इथे एक उलटी गंमतही होते, आणि ती मला नेहमी सांगावीशी वाटते. संगमनेरकडची टोमॅटोचे क्रेट वाहणारी एक पिकअप माझ्याकडे आली होती. बॅटरी नवी, सेल्फही दुसरीकडे बदललेला, तरी ‘कट कट’ चालूच. सेल्फ मारताना बॅटरीच्या पोलवर ११.९. म्हणजे बॅटरी खाली येतच नव्हती! ड्रायव्हरला वाटलं बॅटरी जबरदस्त आहे. खरं म्हणजे तिच्यातून करंट निघतच नव्हता, मग ती खाली येईल कशी? काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर ठेवली, लाल पिन इंजिनाच्या उघड्या बोल्टवर, आणि सेल्फ मारायला लावला. मीटरवर ३.४ व्होल्ट. इंजिन आणि निगेटिव्ह पोल या दोन्ही जागा खरं तर एकच असायला हव्यात, तिथे फार तर ०.२-०.३ दिसावं. गिअरबॉक्सपासून चासीवर येणारी अर्थिंगची पट्टी वरून ठीक दिसत होती. बोल्ट सोडून पट्टीच्या टोकाचा डोळा (बोल्ट जातो ते कडं) उचलला तर खाली पांढरट हिरवी भुकटी आणि तिच्याखाली चासीचा रंग. पॉलिश पेपर मारून बोल्ट आवळला. पुढच्या सेल्फला बॅटरी १०.४ वर आली आणि इंजिन पहिल्या फेरीत लागलं. बॅटरीचा आकडा खाली आला म्हणजे काम झालं, हे पटायला त्या ड्रायव्हरला जरा वेळ लागला.

आता अल्टरनेटर. आपल्याकडे अजून बरेच जण त्याला डायनॅमोच म्हणतात आणि तपासायची पद्धतही डायनॅमोच्या काळातलीच वापरतात: इंजिन चालू ठेवायचं, बॅटरीचं टर्मिनल उपटायचं, इंजिन बंद पडलं तर अल्टरनेटर खराब. कृपया हे करू नका आणि गॅरेजवाल्याला तुमच्या गाडीवर करूही देऊ नका. पद्मिनी आणि जुन्या अँबेसेडरमध्ये जळण्यासारखं इलेक्ट्रॉनिक काही नव्हतं, म्हणून ते खपून जायचं. आजच्या गाडीत बॅटरी हीच व्होल्टेजचे झटके शोषून घेते. चालू इंजिनावर ती काढली की क्षणभर वायरिंगमध्ये कित्येक दहा व्होल्टचा झटका जाऊ शकतो, आणि तो ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर), एबीएस, एअरबॅगचं मॉड्यूल सगळ्यांना बसतो. दोनशे रुपयांच्या मीटरने जे कळतं त्यासाठी तीस हजारांचा ईसीयू पणाला कशाला लावायचा?

इंजिन सुरू करा, एसी-दिवे बंद, दोन मिनिटं थांबा आणि पोलवर मोजा. १३.८ ते १४.५ ही ठीक पट्टी. मग भार टाका: हेडलाइट हाय बीमवर, ब्लोअर पूर्ण, मागच्या काचेचा डिफॉगर असेल तर तोही. आयडलवर आकडा थोडा घसरेल. ॲक्सिलेटर देऊन इंजिन दोन हजार फेऱ्यांवर धरलं की तो १३.५च्या वर परत यायला हवा. परत न येता १२.५ कडे घसरत राहिला, तर अल्टरनेटर मागणी पुरवत नाही आणि फरक बॅटरी भरून काढतेय. तेव्हाही आधी बेल्ट बघा. ढिला किंवा गुळगुळीत झालेला बेल्ट पहिल्या पावसात किंचाळतो, भार टाकला की घसरतो, आणि बिचाऱ्या अल्टरनेटरवर आळ येतो. बेल्ट ठीक असेल तर अल्टरनेटरच्या आतले कार्बन ब्रश किंवा डायोड प्लेट. दोन्ही सुट्या मिळतात, चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन बदलून देतो. अख्खा अल्टरनेटर बदलायची वेळ लोक समजतात तेवढ्या वेळा येत नाही.

आकडा १५च्या वर गेला तर अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला. ही गोष्ट लवकर लक्षात येत नाही, कारण गाडी झकास सुरू होत असते. बॅटरीचं पाणी महिन्या-महिन्याला कमी होणं, बल्ब वारंवार उडणं, टर्मिनलभोवती आम्लाचा वास येणं ही त्याची लक्षणं. विदर्भातल्या मे महिन्यात अशी बॅटरी एका उन्हाळ्यात आटोपते.

तुमच्या १३.६ विषयी दोन शक्यता. अल्टरनेटरचा रेग्युलेटर गरम झाला की स्वतःहून व्होल्टेज थोडं कमी करतो, कारण गरम बॅटरीला कमी व्होल्टेज पुरतं. त्यामुळे ट्रॅफिकमधून आलेल्या तापलेल्या इंजिनावर १३.६ दिसलं तर त्यात विशेष नाही. पण सकाळच्या थंड इंजिनावर, पहिल्या पाच मिनिटांत, दिवे बंद असताना १३.६च असेल तर ते कमी आहे, आणि पुढचं माप घ्यायलाच हवं.

ते माप वायरींचं. इंजिन दोन हजारांवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. लाल पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टवर, त्यावर रबरी टोपी असते. काळी पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर. हो, दोन्ही पॉझिटिव्हवर, म्हणजे मीटर फक्त मधली गळती, वाटेत वाया जाणारे व्होल्ट, दाखवेल. ०.२ पर्यंत छान, ०.३ चालेल, त्याच्या वर असेल तर वायर, तिचा मुख्य फ्यूज किंवा टर्मिनल करंट अडवतंय. अल्टरनेटरच्या बोल्टला पाना किंवा पिन टेकवताना ती शेजारच्या धातूला लागू देऊ नका, त्या बोल्टवर बॅटरीचं पॉझिटिव्ह कायम असतं. मग तसंच दुसऱ्या बाजूला: अल्टरनेटरची बॉडी ते निगेटिव्ह पोल, इथे ०.१-०.२ पुरे. अल्टरनेटर १४.३ देतोय आणि बॅटरीला १३.६च मिळतायत, असं निघालं तर मधले ०.७ व्होल्ट कुठेतरी गंजाला गरम करण्यात जातायत. अशा गाडीत नवा अल्टरनेटर बसवला तरी बॅटरीला १३.६च मिळणार.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा असेल तर निगेटिव्ह आधी काढा, नंतर पॉझिटिव्ह. खायचा सोडा गरम पाण्यात घालून ओता, ब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. बसवताना उलटा क्रम, पॉझिटिव्ह आधी.

डायोडचं सांगतो. अल्टरनेटर आतून तीन फेजचा एसी तयार करतो आणि डायोड त्याचा डीसी करतात. एखादा डायोड गेला तर व्होल्टेज बरं दिसतं पण त्यात एसीची लहर राहते. चांगल्या मीटरवर एसी व्होल्ट निवडून चालू इंजिनावर पोलवर मोजलं तर अर्ध्या व्होल्टच्या बऱ्याच खाली असायला हवं. पिवळ्या स्वस्त मीटरवर हे माप घेऊ नका. त्यातले बरेच एसी रेंजवर डीसीचाच आकडा दुप्पट करून दाखवतात, तुम्हाला २६-२८ दिसतील आणि उगाच धसका बसेल. त्यापेक्षा सोपी खूण हाताची: सकाळी इंजिन गारठलेलं असताना, सुरू करण्याआधी, अल्टरनेटरला हात लावा. इंजिन गार आणि तो कोमट असेल तर डायोडमधून रात्रभर बॅटरी गळतेय.

२०१५ नंतरच्या माइल्ड हायब्रिड आणि बऱ्याचशा बीएस-६ गाड्यांच्या मालकांनी मात्र वरचे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटी डबी आणि तिला बारीक वायर दिसली तर गाडीचा कंप्युटर अल्टरनेटर चालवतोय. वेग घेताना तो चार्जिंग जवळजवळ बंद करतो, ब्रेक लावताना वाढवतो. चालू इंजिनावर १२.८ दिसलं तरी तो बिघाड नसतो. हेडलाइट लावले की बहुतेक गाड्यांत व्होल्टेज वर येतं, तेव्हा मोजा. आणि अशा गाडीला बाहेरून चार्जर लावायचा तर निगेटिव्ह चिमटा पोलवर नको, इंजिनाच्या किंवा बॉडीच्या अर्थवर लावा, नाहीतर त्या डबीला चार्ज झाल्याचं कळतच नाही.

आता उभ्या गाडीत खाल्ला जाणारा करंट. तुमच्या वर्णनावरून माझा सगळ्यात जास्त संशय इथेच आहे, कारण त्रास रोज नाही, अधूनमधून आहे. इंजिन बंद, किल्ली काढलेली आणि रिमोटची असेल तर घरात. निगेटिव्ह टर्मिनल काढा. लाल वायर आता १० अँपिअरच्या भोकात, खटका १० अँपिअरवर. एक पिन निगेटिव्ह पोलवर, दुसरी काढलेल्या टर्मिनलवर चिमट्याने पक्की. सगळी दारं बंद, बॉनेटचं कुलूप स्क्रू-ड्रायव्हरने अडकवून ठेवा. सुरुवातीला मोठा आकडा दिसेल. अर्धा तास थांबा, गाडीचे कंप्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. मध्ये किल्ली फिरवायची नाही. सेल्फ मारलात तर मीटर जागेवर जळेल.

शेवटी ०.०२ ते ०.०५ अँपिअर राहिला तर सगळं नीट. ०.३० दिसला तर हिशोब करा: दिवसाला ७.२ अँपिअर-अवर, तीन दिवसांत साडेएकवीस. ३५च्या बॅटरीतून तेवढं गेल्यावर सेल्फ ‘कट कट’ करणारच. मग एकेक फ्यूज काढत जा, ज्याला काढल्यावर आकडा पडतो त्याची लाइन धरा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा मूळ गाडीचं काही नसतं. ॲक्सेसरीच्या दुकानात बसवलेला अँड्रॉइड स्टीरिओ, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, यांची पॉझिटिव्ह वायर किल्लीच्या लाइनवर न देता थेट बॅटरीवर दिलेली असते. किंवा डिकीचा दिवा झाकण लावल्यावरही जळत असतो. फोनचा कॅमेरा रेकॉर्डिंगला लावून डिकीत ठेवा आणि झाकण लावा, लगेच कळतं.

शाळेची तीन किलोमीटरची फेरी याबाबत एक गैरसमज आहे. सेल्फने खाल्लेली वीज अगदी थोडी असते, अल्टरनेटर ती दोन-तीन मिनिटांत भरून काढतो. छोट्या फेऱ्यांनी चांगली बॅटरी मरत नाही. पण एकदा निम्मी झालेली बॅटरी छोट्या फेऱ्यांनी पुन्हा भरतही नाही. भरत आली की ती करंट कमी-कमी घेते, शेवटच्या हिश्श्याला तासन्‌तास लागतात. मग ती महिनोन्‌महिने अर्धपोटी राहते, पट्ट्यांवर सल्फेट घट्ट होतं आणि बॅटरी खरोखरच खराब होते. तुमची चौदा महिन्यांची बॅटरी त्या वाटेवर असेल, पण वाट तिने निवडलेली नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. टर्मिनल आणि अर्थिंग साफ करा. बॅटरी चार्जरवर साडेतीन अँपिअरने रात्रभर भरा, चार्जर नसेल तर बॅटरीच्या दुकानात ठेवा, मामुली पैसे घेतात. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाणी बघा, कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. ती बाहेर काढून, काहीही न जोडता दोन दिवस ठेवा आणि मोजा. १२.५च्या वर टिकली तर साठवणूक ठीक आहे. मग गाडीत बसवून सेल्फचं माप, थंड इंजिनावर चार्जिंगचं माप, दोन्ही वायरींची गळती आणि शेवटी उभ्या गाडीचा करंट. नुसतीच ठेवूनही बॅटरी १२.२ वर आली, किंवा पूर्ण भरलेली असूनही सेल्फच्या मापात ९.६च्या खाली गेली, तरच तिला दोष द्या.

तसं निघालं तर वॉरंटीत जाताना बॅटरी भरूनच न्या. दुकानातला टेस्टर उतरलेल्या बॅटरीवर ‘चार्ज करून पुन्हा तपासा’ एवढंच सांगतो आणि तुम्हाला परत पाठवतात. सोबत चार्जिंगच्या आकड्याचा फोटो ठेवा, म्हणजे अल्टरनेटर जास्त व्होल्टेज देतोय म्हणून क्लेम नाकारायची सोय राहत नाही. आणि बॅटरी बदलून मिळाली तरी ती बसवण्याआधी उभ्या गाडीच्या करंटचं माप पूर्ण करून घ्या. ते माप घ्यायला जुनी बॅटरीही चालते, फक्त चार्ज केलेली हवी.